खुणेमागे कोण उभे आहे?

मोबाइलचा चार्जर उलटा करून उजेडात धरला, की अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत दाटीवाटीने छापलेल्या खुणा दिसतात. चाके असलेल्या कचरापेटीवर मारलेली फुली, ‘सीई’ ही दोन अक्षरे, चौकोनात चौकोन, छोटेसे घर, गोल फिरणाऱ्या बाणांच्या मधोमध १० किंवा २० असा आकडा, आणि ‘आर’ या अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक. छपाई इतकी बारीक, की वाचायला भिंग लागावे. चार्जर विकत घेणाऱ्यांपैकी फार थोडे जण तिकडे पाहतात आणि त्याहून थोड्यांना त्यांचा अर्थ ठाऊक असतो. तरीही यातली एकही खूण शोभेची नाही. प्रत्येकीमागे कोणत्या ना कोणत्या देशाचा नियम आहे आणि तो पाळला नाही, तर माल बंदरातच अडकू शकतो.

चौकोनात चौकोन म्हणजे विजेच्या धक्क्यापासून दुहेरी संरक्षण. घर म्हणजे वस्तू घरातच वापरावी, उघड्यावर नको. ‘आर’ क्रमांक भारतीय मानक ब्युरोचा. २०१२ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशातून तो आला. ब्युरोची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घेतल्यावर तो मिळतो आणि ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकला, तर खरा की खोटा हे लगेच कळते. मात्र हे सगळे सुरक्षिततेचे झाले: शॉक बसू नये, आग लागू नये. पर्यावरणाशी नाते असलेल्या खुणा उरतात तीन. बाणांमधला आकडा चीनचा; तिथे २००७ पासून लागू झालेल्या नियमानुसार तो सांगतो, की नेहमीच्या वापरात इतकी वर्षे आतली घातक द्रव्ये बाहेर येणार नाहीत. फुली मारलेली पेटी मूळची युरोपची. तिच्याखाली जाड काळी पट्टी असेल, तर ती वस्तू १३ ऑगस्ट २००५ नंतर बाजारात आलेली आहे. ‘सीई’ म्हणजे युरोपीय संघाचे लागू असलेले सगळे नियम पाळले आहेत, असे उत्पादकाने दिलेले वचन. २०१३ पासून घातक द्रव्यांवरची बंदीही या वचनात येते. बहुतेक घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत हे वचन उत्पादक स्वतःच देतो. त्यासाठी आधी कोणा अधिकाऱ्याची सही लागत नाही.

म्हणून कोणतीही हिरवी खूण दिसली, की आधी विचारायला हवे: हिच्यामागे कोण उभे आहे? स्वतः कंपनी, कंपनीने पैसे मोजून नेमलेली प्रयोगशाळा, की दुकानातून गुपचूप नग उचलून तपासणारी यंत्रणा? गेल्या पंचवीस वर्षांत या क्षेत्रात झालेले मोठे घोळ आणि मोठ्या सुधारणा याच प्रश्नाभोवती फिरल्या आहेत. भारतात नियमांची कमतरता नाही. हा प्रश्न मात्र अजून पुरेसा विचारला गेलेला नाही.

घातक द्रव्यांची गोष्ट सुरू करायची, तर २००१ च्या अखेरीस जावे लागते. नाताळच्या खरेदीच्या तोंडावर नेदरलँड्सच्या अधिकाऱ्यांनी सोनीच्या सुमारे १३ लाख प्लेस्टेशन खेळयंत्रांचा माल अडवला. यंत्रे नीट चालत होती. पण त्यांच्या वायरींच्या आवरणात डच कायद्याच्या मर्यादेहून जास्त कॅडमियम सापडले होते. वायरी बदलाव्या लागल्या, हंगाम हातचा गेला आणि मग कंपनी आपल्याच पुरवठादारांच्या साखळीत शोध घेऊ लागली. वायर बनवणारा एक, त्याला प्लास्टिकचे दाणे देणारा दुसरा, दाण्यांत रंग आणि स्थिरक मिसळणारा तिसरा. यापैकी कोणाच्या हातून कॅडमियम आत आले, हे सांगणारा कागद कुणाकडेच नव्हता. त्यानंतर सोनीने पुरवठादारांसाठी ‘ग्रीन पार्टनर’ ही पद्धत आणली. तीत न बसणाऱ्याकडून सुटा भागही घ्यायचा नाही, असे ठरले. अडवलेल्या एका मालाने कारखान्यांना जे शिकवले, ते अनेक वर्षांच्या आवाहनांनी साधले नव्हते.

पाठोपाठ २००३ मध्ये युरोपीय संघाने ‘रोह्स’ या नावाने ओळखला जाणारा नियम मंजूर केला आणि १ जुलै २००६ पासून तो लागू झाला. शिसे, पारा, कॅडमियम, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आणि ब्रोमीनयुक्त आगरोधकांचे दोन गट, अशा सहा द्रव्यांवर त्याने मर्यादा घातली. कॅडमियमला ०.०१ टक्के, बाकी पाचांना ०.१ टक्के. जुलै २०१९ पासून प्लास्टिक मऊ करणारे चार थॅलेट्सही यादीत आले.

ऐकायला सोपा वाटणारा हा नियम फार खोलवर जातो. मर्यादा वस्तूच्या एकूण वजनावर मोजली जात नाही. जो पदार्थ आणखी सुटा करता येत नाही, अशा प्रत्येक एकसंध पदार्थाला ती स्वतंत्रपणे लागू होते. वायरीचे आवरण वेगळे, आतले तांबे वेगळे, पिनेवरचा मुलामा वेगळा, त्यावरचा सोल्डरचा थेंब वेगळा. त्यामुळे शंभर ग्रॅमच्या चार्जरमध्ये मोहरीएवढ्या थेंबात शिसे जास्त निघाले, तरी सगळा चार्जर नापास होतो.

सोल्डरच्या बाबतीत तर सगळा उद्योगच ढवळून निघाला. पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेले सोल्डर ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचे. ते १८३ अंश सेल्सिअसला वितळते. त्याच्या जागी आलेले कथील, चांदी आणि तांब्याचे मिश्रण वितळायला सुमारे २१७ अंश लागतात. हा चौतीस अंशांचा फरक लहान नाही. बोर्ड, कनेक्टर, कपॅसिटर, आयसीचे प्लास्टिक, सगळ्यांना जास्त उष्णता सोसता आली पाहिजे. भट्ट्यांची मांडणी बदलली, दुरुस्तीवाल्यांना सोल्डरिंग गन नव्याने लावून घ्यावी लागली. शिवाय शिसे काढून टाकलेल्या कथलाच्या मुलाम्यावर काळाच्या ओघात केसासारखे बारीक तंतू उगवतात. असा एखादा तंतू शेजारच्या पिनेला टेकला, की शॉर्टसर्किट. १९९८ मध्ये ‘गॅलेक्सी ४’ हा उपग्रह बिघडून अमेरिकेतले बहुसंख्य पेजर बंद पडले, त्यामागे हेच तंतू असल्याचे मानले जाते. तेव्हा उद्योगाची भीती पोकळ नव्हती. तरीही मिश्रणे सुधारली, मुलामे बदलले आणि जगभरच्या घरगुती वस्तूंतून शिशाच्या सोल्डरचा मोठा हिस्सा गेला. कायद्याने तारीख ठरवून दिली नसती, तर हा बदल कोणत्याही कंपनीने एकटीने केला नसता, असे म्हणायला पुरेसा आधार आहे.

सवलती मात्र उरल्या. ८५ टक्क्यांहून अधिक शिसे असलेले, उच्च तापमानाला वितळणारे सोल्डर काही ठिकाणी चालते. काही काचेच्या आणि सिरॅमिकच्या भागांतले शिसेही चालते, कारण त्यांना तितका भरवशाचा पर्याय मिळालेला नाही. डबीवर रोह्सचे नाव असले, तरी आत शिसे अजिबात नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता तपासणी कशी होते ते पाहू. पहिली पायरी क्ष-किरण फ्लुओरेसन्सची. बंदुकीसारखे दिसणारे उपकरण वस्तूवर रोखले, की काही सेकंदांत आत कोणती मूलद्रव्ये आहेत ते पडद्यावर येते. पण या उपकरणाला मर्यादा आहे. त्याला क्रोमियम दिसते. ते निरुपद्रवी रूपातले की हेक्झाव्हॅलंट, हे कळत नाही. ब्रोमीन दिसते, ते बंदी असलेल्या आगरोधकातले की परवानगी असलेल्या, हेही कळत नाही. शंका आली, की भाग सुटा करायचा, दळायचा, आम्लात विरघळवायचा आणि प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्रांवर मोजायचा. भारतात हे काम ‘सी-मेट’च्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत चालते, केंद्र सरकारच्या या संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे. एका मोबाइलमध्ये शेकडो सुटे भाग आणि त्याच्या कित्येक पट एकसंध पदार्थ असतात. ते सगळे असे तपासणे कुणालाच परवडत नाही. म्हणून जगभर हा कारभार मुख्यतः कागदावर चालतो: प्रत्येक पुरवठादार आपल्या भागाचे घोषणापत्र देतो, त्याच्या वरचा ते आपल्या फाइलला जोडतो आणि शेवटी ब्रँडचा मालक सगळ्या चळतीवर सही करतो. ही चळत खरी राहते ती अधूनमधून कोणीतरी प्रत्यक्ष नग फोडून पाहतो म्हणून.

भारतात हीच सहा द्रव्ये आणि याच मर्यादा १ मे २०१४ पासून लागू आहेत. २०११ च्या ई-कचरा नियमांनी त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला बाजारातून नमुने घेण्याचा अधिकारही आहे. पण कोणत्या ब्रँडचा कोणता नग कोणत्या द्रव्यासाठी नापास झाला, हे दुकानात उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा बिनब्रँडचा, बिनबिलाचा चार्जर तर कागदांच्या या साखळीत येतच नाही. मोठ्या कंपन्या नियम पाळतात, कारण तोच माल त्यांना युरोपलाही पाठवायचा असतो. ज्याला फक्त इथेच विकायचे आहे, त्याला पकडायला इथलाच तपासनीस हवा.

विजेच्या लेबलांचा प्रवास वेगळा झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ सुरू केले, तेव्हा पहिल्या यादीत संगणक आणि मॉनिटर होते. खूण ऐच्छिक होती आणि ती लोकप्रिय झाली. मग २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखातपासणी कार्यालयाने एक प्रयोग केला. चार बनावट कंपन्या उभ्या केल्या आणि अस्तित्वातच नसलेली वीस उत्पादने मंजुरीसाठी पाठवली. त्यात पेट्रोलवर चालणारे, छोट्या जनरेटरएवढे गजराचे घड्याळ होते. हीटरला धूळ झटकायचा पिसांचा झाडू चिकटवून तयार केलेले ‘हवा शुद्ध करणारे यंत्र’ही होते. विसापैकी पंधरा उत्पादनांना खूण मिळाली, कारण अर्ज नीट वाचणारे कोणी नव्हते आणि वस्तू मागवून पाहण्याची पद्धतच नव्हती. अहवाल प्रसिद्ध होताच नियम बदलले. २०११ पासून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आणि त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. सरकारच्याच एका कार्यालयाने सरकारच्याच दुसऱ्या कार्यालयाची अशी उघड परीक्षा घ्यावी आणि तिचा निकाल सर्वांसमोर ठेवावा, ही या प्रकरणातली सगळ्यांत मोलाची बाब आहे.

भारताचे तारांकित लेबल या बाबतीत रोह्सपेक्षा पुष्कळ पुढे आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना २००२ ची, लेबलची सुरुवात मे २००६ ची. जानेवारी २०१० पासून एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवर ते सक्तीचे झाले. आज खेड्यातल्या दुकानातही ‘फाइव्ह स्टार दाखवा’ असे गिऱ्हाईक म्हणते. सरकारी लेबल बोलीभाषेत इतके रुजल्याची उदाहरणे फार नाहीत. ब्युरो बाजारातून नग उचलून तपासू शकतो, तक्रार आली तर फेरचाचणी घेऊ शकतो आणि नापास मॉडेलचे नाव जाहीर करण्याची तरतूदही नियमांत आहे. ही तरतूद जितक्या वेळा वापरली जाईल, तितका ताऱ्यांवरचा विश्वास वाढेल.

या लेबलवरच्या दोन गोष्टी मात्र गिऱ्हाइकाला कोणी समजावून सांगत नाही. पहिली, एसीवर छापलेला वर्षाच्या युनिटचा आकडा वर्षाला १,६०० तासांचा वापर गृहीत धरून काढलेला असतो. नागपूरच्या घरात, जिथे मार्च ते जून एसी रात्रभर चालतो, तिथे मीटर त्याहून पुढे जाईल. नाशिकच्या घरात कदाचित त्याच्या निम्म्यावरही जाणार नाही. तो आकडा दोन यंत्रांची तुलना करायला चांगला, बिलाचा अंदाज बांधायला नाही. दुसरी, तारे कायमचे नसतात. २०१८ च्या कोष्टकानुसार स्प्लिट एसीला पाच तारे मिळवायला हंगामी कार्यक्षमतेचा आकडा ४.५ लागत होता. जुलै २०२२ पासून तो ५ झाला. म्हणजे ४.६ चे यंत्र एका रात्रीत पाचावरून चार ताऱ्यांवर आले. म्हणून लेबलवर तारे जितके पाहावेत, तितकाच त्याचा कालावधीही पाहावा.

युरोपने ही सुधारणा उशिरा केली आणि किंमत मोजली. तिथले ‘ए’ ते ‘जी’ हे लेबल यंत्रे सुधारत गेली तसे वर ताणले गेले: ए प्लस, ए प्लस प्लस, ए प्लस प्लस प्लस. शेवटी दुकानातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कोणत्या तरी ‘ए’ची झाली आणि निवड करायला काही उरले नाही. १ मार्च २०२१ पासून पट्टी पुन्हा ‘ए’ ते ‘जी’ अशी साधी केली, ‘ए’ची जागा भविष्यातल्या यंत्रांसाठी जवळपास रिकामी ठेवली आणि कालपर्यंतचे तीन प्लसवाले फ्रिज ‘सी’ किंवा ‘डी’मध्ये गेले. दुकानदार वैतागले, पण लेबल पुन्हा उपयोगी झाले.

चाचणी ठरलेली असली, की यंत्र त्या चाचणीपुरते चांगले वागेल अशी रचना करण्याचा मोह होतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एनआरडीसी या पर्यावरण संस्थेने मोठ्या ब्रँडच्या टीव्हींची पाहणी केली. सरकारी चाचणी कारखान्यातून आलेल्या मूळ सेटिंगवर होत असे. काही टीव्हींवर चित्राचे सेटिंग बदलले, की वीज वाचवणारी सोय काही न सांगता बंद होई आणि वीज कितीतरी जास्त लागे. हे बेकायदा असेलच असे संस्थेनेही म्हटले नाही; नियमाचा हेतू मात्र त्यात पाळला गेला नव्हता, असे तिचे म्हणणे होते. घरी टीव्ही आणल्यावर पहिल्याच दिवशी चित्र उजळ करणारे लाखो लोक आहेत. चाचणी त्यांच्यासारखी व्हायला हवी.

इथवर वस्तू चालू असतानाची गोष्ट झाली. ती बंद पडल्यावर काय, हा प्रश्न फुली मारलेल्या पेटीचा. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रसंघाशी संबंधित संस्थांचा २०२४ चा अहवाल सांगतो. भारतात २०२१-२२ मध्ये केंद्रीय मंडळाच्या हिशेबाने सुमारे १६ लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश रीतसर हाताळला गेला. हा हिशेब नियमांत असलेल्या तेव्हाच्या एकवीस प्रकारच्या वस्तूंपुरता होता. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत वस्तूंचे १०६ प्रकार आहेत.

पेटीची खूण भारतात येऊन दशक उलटले. २०११ च्या ई-कचरा नियमांनीच ती वस्तूवर किंवा माहितीपुस्तिकेत छापायला सांगितले होते. पण ‘इथे टाकू नका’ एवढेच ती सांगते. मग टाकायचे कुठे, ते सांगत नाही. पुस्तिकेत बारीक इंग्रजीत एखादा टोल-फ्री क्रमांक असतो. बंद डब्यातल्या मालावरची सक्तीची माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी, एवढेच वजनमापांचे नियम म्हणतात. मराठीला मनाई नाही, पण सक्तीही नाही, आणि सक्ती नाही म्हणून बहुतेक कंपन्या तसदी घेत नाहीत. त्यामुळे जुना मिक्सर आणि बंद पडलेला सेट-टॉप बॉक्स जातो तो दारावर येणाऱ्या भंगारवाल्याकडे. तो काट्यावर तोलतो आणि रोख पैसे देतो. कंपनीचे केंद्र घरापासून लांब, तिथे न्यायचा खर्च आपला आणि हातात काही पडेल याची खात्री नाही. भंगारवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. भारतात ई-कचरा गोळा करण्याचे काम प्रत्यक्षात त्यानेच उभे केले आहे.

धोका पुढच्या टप्प्यावर आहे. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये किंवा मुरादाबादमध्ये बोर्ड उघड्यावर तापवून त्यांच्यावरच्या आयसी काढल्या जातात, सोने सुटावे म्हणून बोर्ड आम्लात बुडवले जातात, तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात. वायरीचे पीव्हीसी जळते, तेव्हा डायॉक्सिन बाहेर पडते. आम्ल नाल्यात जाते. हे काम करणाऱ्यांच्या हातांत बहुधा मोजेही नसतात. ज्या शिशाला कारखान्यातून हद्दपार करण्यासाठी एवढा खटाटोप झाला, ते जुन्या बोर्डांतून इथे उघड्या हातांनी आणि उघड्या नाकाने घेतले जाते.

नव्या नियमांचा मार्ग बाजाराचा आहे. उत्पादकाने काही वर्षांपूर्वी जेवढा माल विकला, त्याच्या ठरावीक हिश्श्याइतके पुनर्चक्रण त्याच्या नावे झाले पाहिजे: २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये ६० टक्के, पुढची दोन वर्षे ७० टक्के, २०२७-२८ पासून ८० टक्के. उत्पादकाने स्वतः कचरा गोळा करायची गरज नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रकाने सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड जेवढे काढले, त्यानुसार केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर प्रमाणपत्रे तयार होतात आणि उत्पादक ती विकत घेतो.

या रचनेत दोन ताण आहेत. एक किमतीचा. प्रमाणपत्र फार स्वस्त झाले, तर ज्याने नीट संयंत्र उभारले त्याचा खर्च निघत नाही. म्हणून सरकारने किमान दर ठरवला, घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे २२ रुपये. सॅमसंग, एलजी, डायकिन, व्होल्टास अशा कंपन्या याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. दर आधीपेक्षा कित्येक पट वाढला आणि तो ठरवणे सरकारचे काम नाही, असा त्यांचा सूर आहे. कंपन्यांची गणिते काहीही असोत, बोर्ड धूर न करता, आम्ल नाल्यात न सोडता फोडायचा तर त्याला पैसे लागतात आणि ते आज कामगाराच्या फुप्फुसातून वसूल होतात. किमान दर हवाच.

दुसरा ताण खरेपणाचा. प्लास्टिकसाठी हीच प्रमाणपत्रांची पद्धत आधी सुरू झाली होती. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाला तिथे सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे आढळली; ती तयार करणाऱ्या चार कंपन्या गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या होत्या. न झालेल्या पुनर्चक्रणाचा कागद विकला गेला होता. ई-कचऱ्यात बाहेर पडणाऱ्या धातूवर मोजमाप ठेवल्याने फसवणूक थोडी अवघड होते, पण लोखंड आणि तांबे कुठूनही आणून दाखवता येते. संयंत्रात किती माल आला, किती वीज जळली, किती धातू बाहेर पडला, या तीन आकड्यांचा ताळा कोणीतरी तिथे जाऊन घ्यावाच लागेल. आणि गोळा करणाऱ्यांना या साखळीत जागा द्यावी लागेल. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते आणि तिच्या संकलन मोहिमांत ई-कचराही घेतला जातो. भंगारवाल्याला हटवून त्याच्या जागी दुसरे काही उभे करण्यापेक्षा, त्याने गोळा केलेला माल रीतसर संयंत्रापर्यंत चांगल्या दराने पोहोचेल अशी सोय करणे लवकर फळ देईल.

डबीवरच्या हिरव्या शब्दांविषयी थोडक्यात. भारताची स्वतःची पर्यावरणस्नेही खूण, मातीच्या मडक्याचे चित्र असलेली ‘इकोमार्क’, १९९१ पासून आहे आणि तिच्या यादीत इलेक्ट्रॉनिक वस्तूही होत्या. उत्पादकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. ग्राहकांना ती माहीतच झाली नाही. २०२४ मध्ये तिचे नियम नव्याने आले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पोकळ हिरव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या: ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरायचे नाहीत. पुरावा किती कठोरपणे तपासता येतो, हे जर्मनीत दिसले. ॲपलने आपली काही घड्याळे ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणून जाहीर केली होती. त्याला पॅराग्वेतल्या निलगिरी लागवडीचा आधार होता. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयाने ही जाहिरात थांबवली. कारण, लागवडीच्या सुमारे ७५ टक्के जमिनीचे भाडेकरार २०२९ मध्ये संपतात आणि त्यापुढे झाडे राहतील याची हमी नाही. दावा न्यायालयात नेला होता एका पर्यावरण संघटनेने.

या सगळ्यांत नवे आणि सर्वाधिक आशा वाटावी असे लेबल दुरुस्तीचे आहे. फोनच्या बाबतीत पर्यावरणावरचा बहुतेक भार तो बनतानाच पडलेला असतो. खाणीतून धातू काढणे, चिप बनवणे यांत. मग तो दोनऐवजी पाच वर्षे वापरणे हे विजेच्या कोणत्याही बचतीपेक्षा मोठे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही अशा वस्तूंवर दहापैकी गुण छापायला लावले. यंत्र उघडणे किती सोपे, सुटे भाग किती वर्षे आणि किती किमतीला मिळतात, माहिती उघड आहे का, यावरून ते ठरतात. लगेचच सॅमसंगने आपल्या एका फोनची दुरुस्ती-पुस्तिका फ्रेंचमध्ये खुली केली. जी गोष्ट ग्राहक मागून मिळत नव्हती, ती गुणांसाठी मिळाली. २० जून २०२५ पासून सगळ्या युरोपीय संघात फोन आणि टॅब्लेटवर नवे लेबल आहे. बॅटरी चार्जिंगची किती आवर्तने टिकते, फोन पडल्यावर कितपत तग धरतो, दुरुस्तीला किती सोपा, हे त्यावर दिसते. सोबतचे नियम सांगतात, की ८०० आवर्तनांनंतर बॅटरीत मूळच्या ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, विक्री थांबल्यावर सात वर्षे सुटे भाग आणि पाच वर्षे सॉफ्टवेअर अद्ययावत मिळाले पाहिजे. चाचणी अजून पक्की बसलेली नाही. आपल्या फोनना ऊर्जा कार्यक्षमतेत ‘ए’ मिळत असूनही पद्धतीत संदिग्धता असल्याने आपण ‘बी’च छापतो, असे ॲपलने जाहीर केले. गुण कंपनीच देते, हा या लेबलचा दुबळा भाग आहे. पण त्याची आकडेवारी सार्वजनिक नोंदणीत राहते, लेबलवरच्या क्यूआर कोडने ती कोणालाही पाहता येते आणि स्पर्धक कंपन्याही ती बारकाईने वाचतात.

भारतात दुरुस्तीची संस्कृती आधीपासून आहे. तालुक्याच्या गावात एसटी स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीची चार दुकाने असतात. डिस्प्ले बदलणे, चार्जिंगचा पोर्ट बसवणे, पाण्यात पडलेला बोर्ड साफ करणे, सगळे तासाभरात होते. अडते ते अस्सल सुट्या भागापाशी आणि कंपनी देत नसलेल्या सर्किटच्या नकाशापाशी. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. मग दुरुस्तीच्या गुणांकासाठी समिती नेमली आणि तिचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. यंत्र कितपत उघडता येते, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, सॉफ्टवेअर किती काळ अद्ययावत राहते, कोणती हत्यारे आणि कोणते स्क्रू लागतात, अशा निकषांवर गुण द्यावेत आणि ते दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि क्यूआर कोडमधून दिसावेत, अशी शिफारस आहे. गुण कंपन्यांनीच जाहीर करायचे आहेत, त्यांच्यावर अनुपालनाचा वेगळा बोजा न टाकता.

नियम अंतिम होण्यापूर्वी नेमके इथेच थांबून विचार करायला हवा. रोह्सच्या घोषणापत्रांपासून बनावट प्रमाणपत्रांपर्यंतचा अनुभव समोर असताना गुणांकाच्या मसुद्यात तीन गोष्टी आत्ताच लिहून घेता येतील. दर वर्षी काही मॉडेल बाजारातून विकत घेऊन ती कंपनीबाहेरच्या कारागिरांकडून उघडून घ्यावीत. एखाद्या जिल्ह्याच्या गावातून मागवलेला सुटा भाग सांगितलेल्या दिवसांत आणि सांगितलेल्या किमतीत पोहोचतो का, हे पाहावे. आणि जाहीर केलेले गुण व प्रत्यक्ष मिळालेले गुण मॉडेलच्या नावासकट शेजारी शेजारी छापावेत, मराठीसह राज्याराज्यांच्या भाषांत, दुकानातल्या किमतीच्या पट्टीएवढ्या ठळक अक्षरांत.